बोटभर झडप

ता. २, रविवार

चिऊ, तुझी पाठ आता कशी आहे? बादली उचलताना कंबरेत वाकू नकोस, गुडघ्यात बस, हे मागेही सांगितलं होतं. जावईबापूंचं पित्त कमी झालं का? त्यांना रिकाम्या पोटी चहा देऊ नकोस. थोरल्या नातीला चष्मा लागला म्हणालीस, तो ती घालते की दप्तरातच ठेवते? धाकट्याचा घसा बरा आहे ना? आणि विहीणबाईंची साखर? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि गोड खाताना माझी आठवण काढू नका म्हणावं.

इथवर पत्र झकास उतरलं. मग 'मी इकडे' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. पंधरा मिनिटं बसून राहिलो. कच्चं आधी वहीत लिहायची माझी जुनी सवय, त्यामुळे कागद काही वाया गेला नाही. पत्र तेवढं राहिलं.

वही उघडीच आहे तर रोजचं इथे लिहीत जावं असं ठरवलं. उद्या अंडी उबवणी केंद्रात नवीन खोकं येणार आहे. त्याचा काहीतरी दाखला माझ्याकडे असलेला बरा.

ता. ३, सोमवार

खोकं आलं. सोबत ते बनवणारी मुलगी. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, खांद्यावर तिच्याहून जड पिशवी. मालकीणबाई तिला म्हणाल्या, "हे आमचे दादा. सत्तावीस वर्षं हेच कपाट सांभाळतायत."

मुलगी म्हणाली, "नमस्कार आजोबा."

ट्रे भरणाऱ्या वहिनी तोंड फिरवून हसल्या. मी म्हटलं, "काका म्हण. आजोबा म्हणणारी दोन माणसं आहेत मला, तेवढी पुरेत."

कपाट म्हणजे नावाला कपाट, आत माणूस उभा राहील. सोळा ट्रे, दोन हजार चारशे अंडी. एकवीस दिवस आत साडेसदतीस अंश धरून ठेवायचे. अंशभर वर गेलं तर आतला जीव घाबरा होतो. दोन अंश चढून तास-दोन तास तसंच राहिलं तर कित्येक जीव जातात. आजवर हीटरचं बटण आणि बाजूच्या भिंतीतली हवेची झडप, दोन्ही माझ्या हातात होती. थर्मामीटर मी बघतो, पण खात्री करतो ती अंडं पापणीला लावून. तळहात कामामुळे जाड झालेला असतो, गालाला नीट कळत नाही. पापणीला कळतं. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी थर्मामीटर फुटला होता, तेव्हा शिकलो.

मुलीनं हीटरच्या तारा खोक्याला जोडल्या. मग मला नीट समजावून सांगितलं. तिचं हे मला आवडलं.

"याला दोन कामं आहेत काका. एक, साडेसदतीस धरून ठेवायचं. दुसरं, हे कपाट कसं वागतं ते शिकायचं. आणि या दोन कामांचं आपसात पटत नाही."

"का बरं?"

"नुसतं धरून बसला तर आत काही हलणारच नाही, मग शिकणार कशावरून? म्हणून दिवसातून तीनदा तो मुद्दाम थोडी जास्त उष्णता देणार. दहाला, दोनला आणि पाचला. किती चढलं, किती वेळात उतरलं, ते बघणार. पण जोरात ढोसलं, म्हणजे उष्णतेचा मोठा धक्का दिला, तर अंड्यांचे हाल. हळू ढोसलं तर त्याला काही कळत नाही."

"म्हणजे पाहुणे जेवायला बसलेत आणि आपण स्वयंपाक शिकतोय."

"तसंच."

"मग शिकवूनच का नाही आणलंस?"

"प्रत्येक कपाट वेगळं असतं. आणि हेच कपाट दहाव्या दिवसानंतर वेगळं होतं ना?"

खरं आहे. पहिले दहा दिवस अंड्यांना ऊब द्यावी लागते. पुढे आतली पिल्लं स्वतःच तापतात आणि ती ऊब काढून घ्यावी लागते. हे तिला ठाऊक होतं. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"तो सरळ हिशेब मांडतो," ती म्हणाली. "दुप्पट उष्णता दिली तर दुप्पट चढणार."

वहिनी म्हणाल्या, "संसारात असं झालेलं मी तरी बघितलं नाही."

"थोडं असेल तर होतं वहिनी. म्हणून थोडंच ढोसायचं."

वहिनींनी खोक्याचं नाव शिकाऊ ठेवलं. मालकीणबाई जाता जाता म्हणाल्या, "हा शिकला की दादा, तुम्ही मोकळे. लेकीकडे जाऊन राहा की. किती वर्षं नुसतं जातो जातो म्हणताय." मी हसलो. संध्याकाळी अंडी आत ठेवली.

ता. ४, मंगळवार

दहा वाजता शिकाऊनं ढोसलं. बघता बघता आकडा ३७.८. पंखा तसाच शांत घरघरतोय, आणि आत दोन हजार चारशे कोवळे जीव. माझा हात झडपेकडे कधी गेला ते कळलं नाही. बोटभर उघडली, सात मिनिटं. आकडा जागेवर आला, मग बंद केली.

पाच वाजता पुन्हा तेच. बोटभर, आठ मिनिटं. नीट नोंदवून ठेवतोय, म्हणजे रोज किती लागतं ते समजेल. त्याचं शिकणं चालू दे, अंड्यांना कशाला त्रास? दोन्ही साधतं.

ता. ६, गुरुवार

कालही दोन्ही वेळा बोटभर, सात-सात मिनिटं. आज दहाला बोटभर, नऊ मिनिटं. पाचला दीड बोट, आठ मिनिटं. शिकाऊ जरा धीट झालाय, पहिल्यापेक्षा जास्त ढोसतो. मी आहे म्हणून बरं.

दोन वाजताचं मला बघता येत नाही, त्या वेळी मी घरी जेवायला जातो. तसं घर जवळच आहे, केंद्रामागच्या गल्लीत दोन खोल्या. डबा आणून इथेच जेवलो तरी चालेल. पण तेवढा तासभर घरात कुणी वावरलं नाही तर घराला घरपण कसं राहायचं, असं आपलं मला वाटतं. रेडिओ लावून जेवतो. बातम्या कसल्याही असोत, माणसाचा आवाज असतो.

ता. ८, शनिवार

मुलगी आली होती. शिकाऊनं टिपलेले आकडे कागदावर काढून जमिनीवरच पसरून बसली. भुवया आक्रसलेल्या.

"काका, हे कपाट फार सुस्त आहे. उष्णता देतो, तरी चढतच नाही."

"जुनं आहे."

"पण दुपारी दोनला मात्र तिप्पट चढतं. रोज. दोन वाजता इथे काय होतं?"

"मी जेवायला जातो."

ती हसली. "ते नाही हो. ऊन वगैरे येतं का या भिंतीवर?"

मी भिंतीकडे बघितलं. ऊन येतं, पण चारनंतर, आणि तेही अंगणातल्या टाकीवर अडतं. मी म्हटलं, "येतं थोडं."

"तरीच. मग दोनचे आकडे त्याला धरू नको म्हणून सांगते. दहाचे आणि पाचचे कसे एकसारखे आहेत बघा, ते खरे."

तिनं काहीतरी बटणं दाबली. जाताना मला म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे काका. माझ्या खोक्याला दार उघडणारं हे पहिलंच केंद्र. बाकीच्यांनी ऐकूनही घेतलं नाही."

तिला बसपर्यंत पोचवलं. वाटेत झडपेचा विषय काढायचा राहूनच गेला.

ता. ९, रविवार

चिऊला फोन केला. चार मिनिटं बोललो. सगळे ठीक आहेत. जावईबापू बाहेर गेले होते. रविवारीसुद्धा बिचाऱ्यांना उसंत नाही. चिऊ म्हणाली, "बाबा, तुम्ही या ना इकडे. खरंच या." पोरगी रीतीला धरून आहे, प्रत्येक वेळी म्हणते. मी म्हटलं, "अगं, इथे नवीन खोकं आलंय, मी हललो तर अंडी उकडतील." ती म्हणाली, "हं." मग ती म्हणाली, "ठेवू?"

फोन ठेवून केंद्रात जाऊन आलो. रविवारी माझं तिथे काम नसतं. दहाचं मात्र सकाळीच जाऊन सांभाळलं होतं: दोन बोटं, नऊ मिनिटं. पाचला दोन बोटं, दहा मिनिटं.

ता. ११, मंगळवार

आज दिव्यापुढे धरून अंडी तपासली. वहिनी आणि मी, मधे अंधार आणि एकच उजेडाचं भोक. शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या, मधे एक काळा ठिपका हलतोय. सत्तावीस वर्षं बघतोय, तरी पहिलं अंडं धरलं की अजून श्वास रोखला जातो. एकशे नव्वद रिकामी निघाली. राहिली दोन हजार दोनशे दहा.

वहिनी म्हणाल्या, "दादा, तुम्ही शिकाऊची फार चाकरी करता. तो ढोसतो, तुम्ही निस्तरता."

"अंड्यांची करतो."

"मी काही बोलले नाही बाई."

दहाला दोन बोटं, अकरा मिनिटं. पाचला अडीच बोटं, अकरा मिनिटं. त्याचा जोर वाढतच चाललाय. मुलीला सांगायला हवं की तुझं खोकं आडदांड आहे.

ता. १३, गुरुवार

अंडी आता स्वतः तापू लागली. पापणीला लगेच कळलं, आकड्याच्या आधी. दहाला तीन बोटं, पंधरा मिनिटं. पाचला तेवढंच. मधेही दोनदा उघडावी लागली. आज जेवायला घरी गेलो नाही.

ता. १६, रविवार

दोन दिवस लिहिलं नाही. शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात पाय घसरला. फरशीवर पाणी मीच सांडलेलं. डावा गुडघा मुडपला आणि उठता येईना. साडेसहाला पडलो, स्टुलाचा पाय धरून उठलो तेव्हा आठ वाजून गेले होते. त्या वेळात ओट्याची खालची बाजू पहिल्यांदा नीट बघितली. तिथे एक जुना खिळा आहे, कुणी कशाला मारला असेल कोण जाणे. हाक मारावी असं एकदा वाटलं, पण कुणाला, ते ठरेना.

डॉक्टर म्हणाले, मोडलेलं नाही, दोन दिवस पाय खाली ठेवायचा नाही. केंद्रात निरोप धाडला.

आज चिऊचाच फोन आला. माझा आवाज बारीक का येतोय विचारत होती. म्हटलं, लाइन खराब आहे. तिचाही येत होता. जावईबापू बाहेरगावी आहेत. गुडघ्याचं सांगितलं नाही, उगीच जीव टांगणीला लागायचा.

ता. १७, सोमवार

काठी घेऊन केंद्रात गेलो. दारातच वहिनी भेटल्या, आणि काय ते समजलं.

शनिवारी दुपारी आकडा ३९.६ वर गेला. मग शिकाऊनं हीटर कमी केला तो इतका, की संध्याकाळपर्यंत ३६.१. मग पुन्हा वर. झोक्यासारखं खालीवर. वहिनींनी हातातलं काम टाकून कपाटाचं दार सताड उघडलं आणि पुठ्ठ्यानं वारा घातला. मुलगी मिळेल त्या बसनं धावत आली आणि खोक्याच्या तारा काढून हातानं चालवत बसली. शुक्रवारीही थोडं असंच झालं होतं, पण ते निभावलं.

मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघितलंत? दादा नसले की हे असं. यंत्राला काय कळतंय? हे खोकं उद्या घेऊन जा हो तुम्ही."

लपवण्यासारखं इथे काही नाही, म्हणून लिहितो. ऐकून मला बरं वाटलं. दुपारी भूकही चांगली लागली.

जेवून परत आलो तर मुलगी मागच्या पायरीवर बसलेली. मांडीवर कागद, डोळे सुजलेले. म्हणाली, "चूक माझीच काका. तो कपाट सुस्त समजत होता, म्हणून एवढ्या जोरानं ढोसत होता. आणि कपाट सुस्त नाहीच. दोनचे आकडे खरे होते, तेच मी फेकायला लावले. पण मग दहाचे आणि पाचचे असे कसे आले? सगळं तीनदा तपासलं. मला हे जमणारं नाही, एवढंच यातून कळलं."

मी काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिलो. म्हटलं, "चहा घेतलास का?"

ती नको म्हणाली.

ता. १८, मंगळवार

सकाळी मालकीणबाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो. मुलगी खोकं पिशवीत भरत होती. मी म्हटलं, "दहाला आणि पाचला मी झडप उघडत होतो. पहिल्या दिवसापासून."

वहिनी ट्रे पुसत होत्या, त्यांचं फडकं थांबलं.

"ऊनही येत नाही त्या भिंतीवर," मी म्हटलं. "चारनंतर येतं. तेही टाकीवर."

मालकीणबाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही?" एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मुलीच्या तोंडून वेगळंच निघालं. "किती उघडत होतात?"

"बोटभर. पुढे वाढवत नेली."

"किती वेळ? आठवतंय का?"

"लिहून ठेवलंय."

तिनं पिशवी खाली ठेवली. मी घरी जाऊन ही वही आणली. काठी टेकत जाऊन यायला अर्धा तास लागला, तोवर तिनं कपाटासमोर खुर्ची मांडून ठेवली होती. मी एकेक तारीख वाचून दाखवली: बोटभर सात मिनिटं, दीड बोट आठ मिनिटं. ती लिहून घेत होती. मधल्या ओळी मी गाळत होतो. त्यात घराचं होतं, रेडिओचं होतं. ती म्हणाली, "काका, पानावर एवढं भरभरून लिहिलंय आणि वाचताय दोनच ओळी?" म्हटलं, "बाकीचं खोक्याच्या कामाचं नाही." तिनं वहीकडे एकदा बघितलं, पण मागितली नाही.

मग माझं बोट पट्टीवर ठेवून मोजलं. पावणेदोन सेंटिमीटर. दुपारपर्यंत तिचा हिशेब जुळला. झडपेतून जेवढी ऊब जात होती तेवढी मिळवली की दहाचे आणि पाचचे आकडे दोनच्या आकड्यांशी बरोबर बसतात. ती एकदम लहान मुलीसारखी दिसायला लागली.

"पण हे मागच्या आठवड्याचं कपाट," ती म्हणाली. "आता अंडी स्वतः तापतायत. त्याला पुन्हा ढोसून विचारावं लागेल. आणि आताच विचारणं सगळ्यात धोक्याचं."

मालकीणबाई नको म्हणत होत्या. मी म्हटलं, "बाई, माझ्या भरवशावर ठेवलंत तर पाय पुन्हा कधी घसरेल, सांगता येत नाही. आणि शनिवारचं जे झालं ते याच्यामुळे नाही, माझ्यामुळे झालं." बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत. एकदा जरी अडतीस पॉइंट दोनच्या वर गेला, तर तारा मी स्वतः काढीन. आणि दादा, तुमचे हात मला दिसले पाहिजेत."

ता. १९, बुधवार

किती ढोसायचं यावर सकाळभर घासाघीस. मुलीला अर्धा अंश हवा होता, त्याहून कमी असेल तर म्हणे आतल्या वाऱ्याच्या हलण्यात आणि ढोसण्यात शिकाऊला फरक कळत नाही. मी म्हटलं, अर्धा फार होतो, या दिवसांत पिल्लू आत धडपडायला लागलेलं असतं. दोघांनी मिळून एक अंडं काढलं, तिलाही पापणीला लावायला सांगितलं. ती दचकली. "आत हललं." मग स्वतःच म्हणाली, "पाव अंश. पण मग एकदा विचारून भागणार नाही, सहादा विचारायला लागेल. दोन दिवसांत."

पाव अंश, सहादा, दहा-दहा मिनिटं. पटलं.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी झडपेसमोर खुर्चीवर बसलो, दोन्ही हात मांडीखाली. ३७.६. ३७.७. ३७.८. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, कपाटाकडे नाही. "दादा, श्वास घ्या," म्हणाल्या. दहा मिनिटांत उतरलं. कुणीही न उतरवता.

सत्तावीस वर्षांत मी कधी उतरायची वाट बघितली नव्हती.

ता. २०, गुरुवार

चौथ्यांदा अंड्यांच्या स्वतःच्या उबेची भर पडून आकडा ३८.१ वर गेला. मालकीणबाई तारांपाशी उभ्या. मुलगी नख खात होती. झडप माझ्यापासून हातभर अंतरावर, हात मांडीखाली मुंग्या येऊन बधिर झालेले. मी डोळे मिटले. बघितलं असतं तर उठलो असतो. कितीतरी वेळानं मुलगी म्हणाली, "उतरतंय."

मग पुढची दोन वेळा सोपी गेली. संध्याकाळी शिकाऊनं आपला हिशेब बदलला. मुलीनं मला बोट ठेवून आकडे दाखवले: पूर्वी जेवढा जोर लावत होता त्याच्या पाव हिस्साच आता लावतो. आवाज तोच, पंखा तोच, पण आकडा ३७.५ वरून हलत नाही. एक क्षण ३७.६ झाला आणि आपणहून परत आला.

"आता ढोसणार नाही?" मी विचारलं.

"अगदी थोडं. नावापुरतं. पूर्ण बंद केलं तर कपाट बदललेलं त्याला कळणार नाही."

ता. २१, शुक्रवार

अठरावा दिवस. अंडी फुटायच्या ट्रेमध्ये हलवली, ओलावा वाढवला. आतून टकटक ऐकू येते. मुलगी कान लावून बसली होती. मालकीणबाईंनी तारांना हात लावला नाही.

ता. २३, रविवार

संध्याकाळी सहाला चिऊला फोन केला. थोरल्या नातीनं उचलला. "आई झोपलीय." इतक्या लवकर? "हो. बाबा नाहीयेत घरी." अभ्यास कर म्हटलं, चष्मा घालत जा म्हटलं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही कधी येणार?" म्हटलं, उद्या पिल्लं निघणार आहेत, बघूया. फोन ठेवायचं तिला सुचेना, शेवटी मीच ठेवला.

ता. २४, सोमवार

निघाली. पहाटेपासूनच फुटायला सुरुवात झाली होती, दुपारपर्यंत ट्रे पिवळे झाले. ओली, चुरगळलेली, मग वाळून फुगलेली. इतका कलकलाट की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मोजली. एक हजार सातशे दोन.

एरवी एवढ्या अंड्यांतून एकोणीसशेच्या पुढे निघतात. जी फुटली नाहीत त्यांतली काही फोडून बघितली. बरीचशी बाराव्या दिवसाची होती. म्हणजे तो शनिवार.

मुलगी म्हणाली, "दोनशे गेली काका."

"माझ्या बोटांनी गेली."

"माझ्या खोक्यानंही," ती म्हणाली. "मी त्याला विचारलं, तुम्हाला नाही विचारलं."

मालकीणबाईंनी पुढचा घाणा शिकाऊवरच लावायचा ठरवलाय. मला म्हणाल्या, "रागावले होते दादा, अजूनही थोडी आहे. पण तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं." मग म्हणाल्या, "आता खरंच जाऊन या लेकीकडे."

मुलगी संध्याकाळच्या बसनं गेली. दुसऱ्या एका केंद्रानं तिला बोलावलंय.

ता. २६, बुधवार

नवीन अंडी आत आहेत. सकाळी दहाला जाऊन बसलो. ३७.५. अकराला ३७.५. वहिनी पुढच्या खोलीत होत्या, त्यांना काम होतं. मी एक अंडं काढून पापणीला लावलं. बरोबर होतं. परत ठेवलं. बाराला घरी आलो. रेडिओ लावला नाही.

मुलीला वाचून दाखवताना गाळलेल्या ओळी आज बसून वाचल्या. मग हे लिहायला घेतलं. उद्या पक्कं करून टपालात टाकणार आहे.

चिऊ,

तुला खोटं सांगितलं. १६ तारखेला लाइन खराब नव्हती. चौदाला सकाळी मी स्वयंपाकघरात पडलो होतो आणि दीड तास उठता आलं नाही. आता बरा आहे, काठी लागते, जिना उतरताना दुखतं. अंडी उकडतील म्हणून येता येत नाही म्हणालो, तेही आता खरं राहिलं नाही. माझ्यावाचून इथलं अडत नाही.

दुसरं असं. मी वहीत रविवारचं तुझं बोलणं टिपून ठेवतो. आज मागे वाचताना दिसलं की तीन रविवार जावईबापू घरी नाहीत, आणि तिन्ही वेळा मी 'बिचारे' असं काहीतरी मनाशी म्हणून पुढे गेलो. तू 'खरंच या' म्हणालीस, ते मी रीत समजलो. माझं चुकत असेल तर हस आणि सोडून दे. चुकत नसेल तर काय झालंय ते मला लिही. जेवढं लिहवेल तेवढं.

मी यावं का? पाहुणा म्हणून नाही, राहायला. विहीणबाईंना अडचण होणार असेल, जागा नसेल, तुलाच नको असेल, तर नाही म्हण. मी ऐकू शकतो, एवढं मला आता जमतं. मुलांना शाळेत सोडणं, भाजी आणणं, तुझ्या पाठीला बादली उचलू न देणं, हे गुडघा सांभाळून होईल.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा काहीतरी बरं बरं बोलेन, आणि तूही बोलशील. कागदावर लिही. मी आता रोज बाराला घरी असतो, टपाल तेव्हाच येतं. दोनच ओळी असल्या तरी चालतील, पण लवकर पाठव.

तुझे बाबा